हात नाही, तोंड!

जपानात, आमच्या इचिकावाच्या इमारतीत तळमजल्यावर करमरकरकाका राहतात. त्यांच्याकडे चहाला गेलात, तर साखरेच्या डब्याला हात लावू नका. "हात नाही, तोंड!" असं ते गरजतील. मग आपण "काका, एक चमचा" म्हणायचं आणि ते घालतील तेवढी साखर गोड मानून घ्यायची.

हे वाक्य घरात आलं एका पिस्तुलापायी. काका नोकरीसाठी जपानात आले, पुढे इथलेच नागरिक झाले आणि चाळिशी उलटल्यावर नेमबाजीच्या नादी लागले. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलाचासुद्धा परवाना इथे महामुश्किलीने मिळतो. आणि ज्याचा परवाना, त्याच्याशिवाय कुणी पिस्तुलाला बोट लावायचं नाही. बायकोनेही नाही. काकांनी हा कायदा पिस्तुलापुरता न ठेवता घरभर लागू केला.

दुसरं वेड भूकंपाचं. २०११च्या हादऱ्यात त्यांचं कपाट आडवं झालं होतं. तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू पट्ट्याने भिंतीला बांधलेली असते. फ्रीज, टीव्ही, इतकंच काय, लोणच्याची बरणीसुद्धा.

एप्रिलमध्ये एका सकाळी अकराला त्यांचा फोन आला. "सुप्रिया, खाली ये. तोंड घेऊन ये."

टेबलावर पांढरा पंचा पसरलेला, त्यावर पिस्तुलाचे सुटे भाग. दुपारी दोनला पोलीस स्टेशनात वर्षाची तपासणी होती. पिस्तूल अखंड दाखवावं लागतं. त्याआधी ते उघडून पुसायचा काकांचा नेम. उघडलं होतं झोकात, पण आता जुळत नव्हतं.

"तपासणी चुकली तर?" मी विचारलं.

"परवाना जाईल. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवा कोण देतोय?"

घोडं अडलं होतं एका स्प्रिंगपाशी. ती अंगठ्याने दाबून धरायची आणि वरून काडीएवढी पिन सरकवायची. काका दाबत, अंगठा थरथरे आणि स्प्रिंग टुणकन उडे. त्या घरात न बांधलेली तेवढीच एक वस्तू! एकदा ती फ्रीजखाली गेली, एकदा काकांच्या सदऱ्यात.

माझं शिक्षण मेकॅनिकलचं. हात असे शिवशिवत होते की शेवटी मी ते मांडीखाली घालून बसले. "काका, थोडं डावीकडे. आता पिन. हळू!" टुण्. बारा वाजले. साडेबारा झाले. काकांच्या कपाळावरचा घाम पंच्यावर पडायला लागला आणि मला त्यांचा राग यायला लागला. सुखासुखी उघडायचं कशाला म्हणते मी! पोलिसांनी काही पुसून आणा म्हणून सांगितलं नव्हतं.

मग एक गोष्ट ध्यानात आली. दर वेळी स्प्रिंग दाबली की काका थांबत आणि माझ्याकडे बघत. खरं तर मी बसले होते त्या खुर्चीकडे. ती वसुधाकाकूंची. काकू जानेवारीत गेल्या.

"काका, इथे काकू काही म्हणायच्या का?"

त्यांनी पंच्याची सुरकुती सरळ केली. "म्हणायची ना. 'अहो, श्वास घ्या.' पिस्तूल हातात आलं की मी श्वास रोखतो. नेम धरायची सवय. पण फार वेळ रोखला की हात कापतो. पंचवीस वर्षं ती समोर बसून हेच एक सांगायची. मला वाटायचं, तिला त्यातलं काय कळतंय!"

घड्याळात एक वाजून गेला होता.

"धरा काका." त्यांनी स्प्रिंग दाबली. अंगठा कापायला लागला. "काका, श्वास घ्या."

त्यांनी श्वास घेतला. चांगला लांब, आवाज करत. अंगठा स्थिर झाला आणि पिन मुकाट्याने आत गेली.

पावणेदोनला काका सायकलवरून गेले, चारला परत आले. पिस्तूल लॉकरमध्ये गेलं, कुलूप तीनदा ओढून झालं आणि चहा आला. सवयीने मी म्हटलं, "काका, एक चमचा."

त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "घे तुझी तू."

मी साखर घालत असताना ते लोणच्याच्या बरणीचा पट्टा उगाचच घट्ट करत होते. तिकडे बघतच म्हणाले, "पुढच्या एप्रिलात आहात ना तुम्ही इथे? काही करायचं नाही. समोर बसायचं फक्त."

नवऱ्याचं इथलं नोकरीचं कंत्राट मार्चमध्ये संपून आम्ही भारतात परतणार होतो. मी म्हटलं, "आहोत, काका."