कलम दोनशे त्रेपन्न

आमचे शेजारी चौगुले सर आमच्या घराला परदेश मानतात. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे, ती त्यांची आंतरराष्ट्रीय सीमा. सकाळी पेपर घ्यायला मी बाहेर आलो की पलीकडून हाक येते, "काय परराष्ट्र, चहा झाला न्हवं?" आमच्या कोल्हापुरात वाट चुकलेल्या माणसालाही पावणं म्हणतात. मी मात्र इतकी वर्षं शेजारी राहून परराष्ट्रच.

सरांनी हायस्कुलात जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर खडू सुटला, फळा सुटला, विषय काही सुटला नाही. घराचं त्यांनी संघराज्य करून टाकलं. सर म्हणजे केंद्र आणि काकू म्हणजे राज्य. लग्न झाल्या झाल्या त्यांनी कामांच्या याद्या पाडल्या होत्या म्हणे. परराष्ट्र व्यवहार, पेपर आणि टीव्हीचा रिमोट केंद्राकडे. स्वयंपाक, दळण, भांडी आणि पै-पाहुणा राज्याकडे. "भांडी राज्याचा विषय हाय, केंद्रानं लुडबूड करू ने," असं म्हणत या माणसानं उभ्या आयुष्यात एक वाटी विसळली नाही.

करार करायची मात्र भारी हौस. त्यांच्या शेवग्याची एक फांदी आमच्या अंगणात येते. तिच्यावरच्या शेंगा आम्ही घ्यायच्या आणि दर रविवारी त्यांनी आम्हाला पांढरा रस्सा द्यायचा, असा करार त्यांनी एकदा भिंतीवरून मांडला. यात दोन्हीकडून फायदा आमचाच, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पण पडत्या फळाची आज्ञा मानून मी हात पुढे केला. रस्सा शिजवायचा अर्थात राज्यानं. डबा देताना काकू म्हणायच्या, "सही ह्यांची, आन् घाम माझा."

कुणी हरकत घेतली की सरांचा चष्मा कपाळावर जायचा. "कलम दोनशे त्रेपन्न! परदेशाशी केलेला करार पाळायला केंद्र राज्याच्या विषयावरबी कायदा करू शकतंय. लिवलंय तसं!" घटनेत खरंच तसं आहे, हीच तर पंचाईत.

त्यांची एकुलती एक पल्लवी जर्मनीत नोकरीला असते. तिनं तिथल्याच योनासशी लग्न ठरवलं आणि वडिलांना फोन केला. सरांनी गच्चीवर उभ्या उभ्या होकार देऊन टाकला आणि खाली येऊन काकूंना म्हणाले, "करार झाला." त्या दिवसापासून काकू लेकीशी बोलेनात. तिचा फोन आला की त्या पीठ मळायला घ्यायच्या. त्यांना गोरा जावई पचला नाही, असं सगळी गल्ली धरून चालली. मीही.

दिवाळीला मुलगी आणि होणारा जावई यायचे ठरले आणि सरांना ऊत आला. व्हिडिओ कॉलवर जावयाशी वाटाघाटी झडल्या. जावयाच्या ताटात मिरची येणार नाही. गडमुडशिंगीच्या आत्या त्याचे गाल ओढणार नाहीत. त्या बदल्यात जावई करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल घालून गल्लीतून फिरणार. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सरांनी हे जाहीर केलं, तेव्हा मी रश्श्याचा डबा परत द्यायला गेलो होतो.

"मिरची राज्याचा विषय हाय," काकू शांतपणे म्हणाल्या.

"कलम दोनशे—"

"घाला की हात राज्याच्या यादीत. लाटणं हाय हितं."

दुसऱ्या दिवशी राज्यानं असा तांबडा रस्सा केला, की सर भिंतीपाशी येऊन मला खुणेनंच साखर मागायला लागले. ती आमची परदेशी मदत.

मग पल्लवीचा फोन आला. "आबा, आई बोलणारच नसंल तर येऊन काय करू? तिकिटं रद्द करतो." हे मला सांगताना सरांचा चष्मा नाकावरच राहिला.

"अधिकार केंद्राकडं हाय, पावणं," ते म्हणाले. "पर चूल राज्याकडंच हाय की. जरा चला माझ्यासंगं."

आज मी पावणं झालो, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

काकू लसूण सोलत होत्या. सर त्यांच्यासमोर फरशीवरच बसले. "पोरगी येत न्हाय म्हणती. तू बोल की तिच्याशी. जावई चांगला हाय गं."

"वाईट हाय म्हणून कवा म्हटलं मी?" काकूंनी लसूण खाली ठेवला. "माझ्या पोरीचं लगीन, आन् तुमी गच्चीवर व्हय म्हणून मोकळं झालासा. तिनंबी तुमालाच इचारलं. केंद्राला फोन केला की झालं, ही शिकवण तुमचीच. मला एका शब्दानं इचारलं असतं, तर तुमच्या आधी मीच व्हय म्हटलं असतं."

सरांनी चष्मा काढून खाली ठेवला. ते काकूंच्या पुढ्यातला लसूण घेऊन सोलत बसले, निम्मा सालीसकट. मग त्यांनी लेकीला फोन लावला, काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, "चुकलं माझं." मी हळूच बाहेर पडलो.

पोरं दिवाळीला आली. आत्यांनी गाल ओढलेच. योनासनं तांबडा रस्सा हट्टानं मागून घेतला आणि डोळ्यांतून धारा काढत संपवला. काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

परवा मी भिंतीवरून नवा प्रस्ताव ठेवला. आमची पपई त्यांना, रस्सा बुधवारीही आम्हाला. सरांनी सवयीनं हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

"थांबा परराष्ट्र. राज्याला इचारून येतो."

आत गेले ते आलेच नाहीत. शेवटी मी भिंतीवरून वाकून पाहिलं. सर मोरीपाशी बसून भांडी घासत होते, आणि काकू फोन उंच धरून लेकीला ते दाखवत होत्या.