मंगळावरचा नाला

नागनाथअण्णांना नमस्कार केला, की ते आधी विचारत, "कामून?"

निंबर्ग्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला आलो, तेव्हा ते माझे शेजारी झाले. सर्व्हे खात्यात उभा जन्म साखळी ओढून, जमिनी मोजून ते निवृत्त झालेले. रातोरात सरकलेले बांध बघून बघून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. पोस्टमननं पाकीट दिलं, की आधी डिंकाची कड तपासत. डॉक्टरनं ताप सांगितला, तर थर्मामीटर हातात घेऊन स्वतः वाचत. कुणी काहीही सांगो, त्यांचं ठरलेलं, "असंल. पर बघितलं कुणी?"

त्या काळात मंगळाभोवती एक यान फिरत होतं. मी परदेशातल्या एका संस्थेला पत्र टाकलं आणि तिनं खरोखरच परातीएवढे सहा फोटो पाठवले. सगळी गल्ली बघून गेली. शेवटी अण्णा भिंग घेऊन आले.

"कुठं उभारून काढलाय?"

"उभारून नाही अण्णा. वरून, फिरता फिरता."

"फिरता फिरता साखळी धरता येत न्हाई मास्तर, फोटो काय काढतेत."

अर्धा तास ते वाकून बसले. "ह्यात सावली डावीकडं. त्यात उजवीकडं. कामून?"

"एक सकाळचा असेल, एक संध्याकाळचा."

"तितं बी सकाळ हुतीय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं चोराकडं बघावं तसं बघितलं. मग एका फोटोवर बोट टेकलं. "ह्यो नाला हाय. पाण्यानंच कातरलाय. मग पाणी कुठं लपवलंय?"

"मी कशाला लपवू?"

"पाकीट तुमच्याच नावावर आलंय न्हवं?"

तपासायला म्हणून ते फोटो घरी घेऊन गेले. पंधरा दिवस झाले, तरी परत देईनात. आता माझ्या मनात शंका यायला लागल्या. ह्यांनी तहसीलला अर्ज तर केला नसेल? फोटोवर शिसपेन्सिलीनं हद्दी तर आखल्या नसतील? एका दुपारी मी तडक त्यांच्या घरी गेलो.

अण्णांच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, दिसत नव्हतं. दुष्काळात तिचा एकुलता एक मुलगा काम शोधायला म्हणून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून ती बाजेवरून फारशी उठत नसे.

दार उघडंच होतं. फोटो अक्काच्या मांडीवर होता. अण्णांनी तिचं बोट धरलं होतं आणि ते त्या कोरड्या नाल्यावरून हळूहळू फिरवत होते.

"हितून पाणी जायलंय अक्का. गुडघाभर. काठानं ज्वारी हाय. कणसं भरलीत."

माझी चाहूल लागली तशी तिनं मान वळवली. "कोण हाय?"

"मास्तर हायत."

"मास्तर, ह्यो नागू मला खोटं सांगायलाय का ओ? पाणी हाय का तितं?"

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. एक प्रश्न नाही, काही नाही.

"हाय अक्का," मी म्हणालो. "बारमाही नाला हाय."

"मग कामाला माणसं बी लागत असतील."

"लागत्यात की," अण्णा म्हणाले, आणि तिचं बोट त्यांनी जपून पुढं सरकवलं.