सिस्टर गोड बोलल्या

हाडांच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर कधी हसत नसत, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे. पण त्या सकाळी रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेबांचा चेहरा नेहमीसारखाच, एरंडेल प्यायल्यासारखा.

"दुपारी समिती येतेय. इथली माणसं कामावर खूश आहेत का, ते बघायला. तुमच्या वॉर्डात एक जरी आंबट तोंड दिसलं, तर तुमची बदली भांडारात. चादरी मोजत बसा."

सिस्टरना भांडार नको होतं. चादरींवर ओरडून काय मिळणार? वॉर्डावर त्यांचा फार जीव होता, फक्त तो चेहऱ्यापर्यंत कधी पोचला नव्हता.

त्या हसतच वॉर्डात शिरल्या. पहिल्याच खाटेवर पाय मोडलेले आजोबा होते.

"कसं वाटतंय, आजोबा? काही लागलं तर सांगा हं."

रोज फक्त 'पाय हलवू नका' ऐकणाऱ्या आजोबांनी उशाखालचा फोन चाचपला. सिस्टर पुढे सरकताच त्यांनी मुलीला फोन लावला.

"ताबडतोब ये. पाय बरा आहे गं. पण सिस्टर गोड बोलल्या. डॉक्टर काहीतरी लपवतायत."

शेजारच्या शिंप्याला तर न मागता जादा उशी मिळाली. त्याने दुकानाच्या किल्ल्या बायकोच्या हातात ठेवल्या. साहेबांसोबत समिती दारात आली तेव्हा आजोबांची मुलगी हुंदके देत होती, शिंप्याची बायको तिला धीर देता देता स्वतःच रडत होती, आणि "मरायचंच तर घरी मरेन" म्हणत आजोबा एका पायावर उभे होते.

ते पाहून सिस्टर बदली, भांडार, सगळं विसरल्या.

"आजोबा, तो पाय खाली टेकवलात तर याद राखा. गुमान आडवे व्हा. आणि हे रडगाणं कसलं लावलंय? रडायचं तर बाहेर जाऊन रडा."

सगळ्या वॉर्डाच्या जिवात जीव आला. आजोबा हसत आडवे झाले, त्यांच्या मुलीने डोळे पुसले.

"ओरडल्या बाई एकदाच्या," म्हणत शिंप्याने किल्ल्या परत घेतल्या.

"इतका आनंदी वॉर्ड कुठे पाहिला नाही," समितीने दारातच साहेबांना सांगितलं. सिस्टर तेव्हा आजोबांच्या पायाखाली उशी सारत होत्या, त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

संध्याकाळी साहेब स्वतः वॉर्डात आले. "छान काम करता हं, सिस्टर," असं म्हणून ते चक्क हसले आणि निघून गेले.

सिस्टरनी कपाटाची किल्ली काढली.

"मावशी," त्या झाडू मारणाऱ्या मावशींना म्हणाल्या, "माझं कपाट आवरायला घ्या. साहेब हसून बोलले."