गुरुवारची खुर्ची

गुरुवार उजाडला की आमचे शेजारी शेषराव घोटून दाढी करतात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात, कानात अत्तराचा फाया खोचतात आणि दाताच्या डॉक्टरकडं जातात. दर गुरुवारी! माणसं सासुरवाडीलासुद्धा इतक्या हौसेनं जात नाहीत. जाताना आमच्या फाटकाशी थांबून हाळी देणार, "चला मास्तर, येता का खुर्चीवर बसायला?"

तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करतो. मनात मात्र 'हा' आणि 'तो' चालतं, कारण मी या माणसावर जळतो. उगाच आडपडदा कशाला? आणि इथं मनातलंच लिहायचं ठरवलंय.

का जळू नये, सांगा! साठी उलटली तरी बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. फुलंब्रीहून शेतातला ऊस आला की अंगणात बसून दातानं सोलतो, तेही नेमका माझ्या खिडकीसमोर. सुपारीला त्याला अडकित्ता लागत नाही. घर कसं भरलेलं! दोन कमावते पोरगे, दोन सुना, चार नातवंडं, दिवसभर टीव्ही चालू. आमच्या घरात आम्ही दोघं आणि भिंतीवरचं घड्याळ. मी भाकरी दुधात कुस्करायला लागलो की आमची मंडळी म्हणणार, "शेषरावभाऊजींचे दात बघा जरा. नाहीतर तुम्ही!" अहो, बायकोनं दुसऱ्याच्या बंगल्याचं कौतुक केलं तर एक वेळ सहन होतं. दाताचं नाही होत.

सगळ्यात जास्त जळफळाट त्याच्या धीटपणाचा. मी गणिताचा मास्तर. मी नुसता खाकरलो तरी नववीचा वर्ग चिडीचूप होतो. पण दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की मीच चिडीचूप होतो. उजवीकडची एक दाढ तीन वर्षं ठणकत होती. लवंगेचं तेल झालं, तुरटीच्या गुळण्या झाल्या. तीनदा हिय्या करून गुलमंडीच्या बाजारात गेलो. दवाखाना माडीवर, खाली कापडाचं दुकान. अर्धा जिना चढायचा, वरची मशीनची घुर्रघुर्र ऐकायची आणि खाली येऊन दुकानात शिरायचं. रिकाम्या हातानं घरी कसं जाणार? तीन खेपांत तीन पायजम्यांचं कापड झालं.

"दाढ काढायला गेला होतात ना?" तिसरा तुकडा उलगडत बायकोनं विचारलं.

"गर्दी होती."

"दुखतंय का हो?"

"नाही!" मी खेकसलो. हे विचारणं रोजचंच होतं. सकाळी चहा देताना, रात्री दिवा मालवताना, दुखतंय का, दुखतंय का. नुसता वैताग.

पोळ्याला गाल असा सुजला की पुरणपोळीचा घास तोंडात जाईना. नेहमीच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "पू झालाय, मास्तर. आता दाढ काढली नाही तर जबड्यात उतरेल. मग मोठं ऑपरेशन." बायको रडायलाच लागली. संध्याकाळी भिंतीपलीकडं जाऊन तिनं शेषरावला सगळं सांगितलं, अगदी तिन्ही पायजम्यांसकट. ज्याच्यावर इतकी वर्षं जळलो, त्यानंच आता मला दवाखान्यात न्यायचं! माझा तिळपापड झाला, पण तोंड उघडत नव्हतं.

गुरुवारी तो मला घेऊन निघाला. अर्ध्या जिन्यावर माझे पाय नेहमीसारखे थांबले. तो पायरीवरच टेकला.

"बसा. घाई नाय. कशाची भीती वाटती ते तर सांगा."

कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. मी आठ वर्षांचा होतो. पाचोडच्या बाजारात एक दात काढणारा बसायचा. निजामाच्या फौजेत घोड्यांचे दात बघायचो, म्हणायचा. पोलिस ॲक्शन झाली, फौज गेली, घोडे गेले, आणि हा पक्कड घेऊन बाजारात आला. पुढ्यात फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग. वडलांनी माझे दोन्ही हात धरले, चुलत्यानं पाय. त्या बाबानं आधी उपटला तो शेजारचा, चांगला दात. मी सांगायला बघतोय, हा नाही, तो! पण तोंडात पक्कड. हात सोडवायला बघतोय, तर वडील आणखी घट्ट धरतात. "झालं, झालं," म्हणत होते. झालं कुठं? मग दुखरा काढला.

मला वाटलं हा हसेल. त्याच्या जागी मी हसलो असतो. तो हसला नाही.

"मंग तुम्ही दाताला भेत नाय, मास्तर. तुमचे हात धरले व्हते ना, त्याला भेता."

चाळीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. गणित माझं आणि उत्तर याला सापडलं, म्हणून तिथं बसल्या बसल्यासुद्धा मी थोडा जळलोच.

"हितं उलटं हाय," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाई पयलंच सांगती, दुखलं की हात वर करा. हात वर केला की मशीन बंद. आवो, मी जिंदगीभर हात वर करत आलो. फाट्यावर यष्टीला हात केला, यष्टी नाय थांबली. गावच्या सभेत हात वर केला, सरपंच म्हणला, शेषराव, खाली बसा. घरी टीव्हीपुढं हात केला तर नातू म्हणतो, आजोबा, बाजूला सरका. सगळे चांगले हायेत, वाईट कुणी नाय. पण आख्ख्या दुनियेत ही एकच खुर्ची हाय, हात वर केला की समोरचं माणूस थांबतं."

मी हसलो. हसताना गालातून कळ गेली. वर्गात कुणी हात वर केला की मी बहुतेक वेळा "खाली कर" म्हणतो, हे आठवलं.

"आधी माझं बघा, मंग ठरवा," म्हणत तो आत गेला. दार उघडंच होतं. डॉक्टर नसरीन, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची पोरगी. तिनं याच्यासाठी आधी चहा सांगितला. इथंही याचीच वट! शेषराव खुर्चीत आडवा झाला, तोंड उघडलं. तिनं छोटा आरसा दातांवरून फिरवला आणि यानं हात वर केला.

ती लगेच थांबली. वाकून म्हणाली, "दर्द होरा क्या, चाचा?"

"नाय बेटा. चलू द्या."

आरसा पुन्हा फिरला. पुन्हा हात वर.

"दर्द होरा?"

"नाय, नाय."

असं तीनदा झालं. मशीन सुरूच झालं नव्हतं. नुसत्या आरशानं काय दुखणार? पण ती दर वेळी थांबली आणि दर वेळी तेवढ्याच मायेनं विचारलं. तो डोळे पुसत बाहेर आला.

"दिव्याचा उजेड लई हाय," म्हणाला.

माझी पाळी आली तेव्हा मी हळूच विचारलं, "यांच्या दाताला झालंय तरी काय?"

"कुछ भी नहीं, सर. हीरे जैसे दाँत हैं." तिनं हातमोजे बदलले. "दो साल से आरे, हर जुमेरात को. बोलते, बस देख लो बेटा."

दोन वर्षं, दर गुरुवारी. मास्तरला हिशोब करायला वेळ लागत नाही. दोन वर्षांपूर्वीच शेषरावची बायको गेली होती.

सुई टोचली तसा मी हात वर केला. ती थांबली. थोड्या वेळानं नुसतंच, खात्री करायला, पुन्हा वर केला. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा गरज पडली नाही. माझे हात माझ्याच मांडीवर होते आणि दाढ ट्रेमध्ये टण्णकन पडली. मी इतका खूश झालो की तिचे आभार मानताना अर्ध्या बधिर तोंडातून लाळ गळली.

खाली उतरताना कापडवाल्यानं आवाज दिला, "मास्तर, नवीन लट्ठा आलाय!"

"आज नाय घ्यायचा त्यांना," शेषराव म्हणाला. रस्त्यावर त्यानं रिक्षाला हात केला. दोन थांबल्या नाहीत, तिसरी थांबली.

बायको फाटकातच उभी होती. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "दुखतंय का हो?"

तीन वर्षं याच प्रश्नावर खेकसत आलो होतो मी. कापूस सांभाळत म्हणालो, "हो गं. लई दुखतंय." तिनं मला आत घेतलं, फाटक लोटलं आणि पदरानं माझी हनुवटी पुसली.

तेव्हा माझं शेषरावकडं लक्ष गेलं. तो आमच्या दोघांकडं बघत होता. ती नजर मी बरोबर ओळखली. खिडकीतून त्याच्या उसाकडं बघताना माझी असते, अगदी तीच. माझ्यावर कुणी जळेल असं माझ्यापाशी काही असेल, हे मला आयुष्यात खरं वाटलं नसतं. लाज वाटली मला.

"शेषराव," मी बोबड्या जिभेनं विचारलं, "आणि तुम्हाला? दुखतंय का?"

"मला काय धाड भरली?" बत्तीस दात दाखवून तो हसला आणि घराकडं वळला. आत टीव्ही मोठ्यानं चालू होता. दोन पावलं गेला आणि थांबला. मग पाठमोऱ्यानंच त्यानं हात वर केला.

तो निरोपाचा हात नव्हता, हे मला कळलं. मी फाटक उघडून बाहेर आलो.