हंस नक्षत्रीचा तेजोमेघ मिरच्यांच्या धुरातून सर केल्याची हकीकत

नभोमंडळ ज्याचे आज्ञेत चालते त्यास दंडवत करोन, दक्षिण सर्बियातील क्रुशेवीत्सा गावी मिरची लाल व्हावयाचे दिवसांत जो रणप्रसंग गुदरला, तो येथे यथास्थित लिहिला जातो.

राजमान्य राजश्री रादिसाव मास्तर, शाळेचे निवृत्त शिक्षक, मोठे खटपटी. वर्षानुवर्षे काच घासोन त्यांनी खाशी दुर्बीण सिद्ध केली आणि अंगणातील ओट्यात पक्की रोविली. मनसुबा एकच. हंस नक्षत्रात सूर्यासारखा एक तारा मरणपंथास लागला, आणि त्याने अंगावरचे थर आकाशात सोडिले, आणि त्या थरांचा तेजोमेघ अजून कोवळा आहे, तो एकवार डोळां पाहावा. दुर्बिणीचा आरसा पुरा जाहला तो कालच. आणि उद्या सकाळी लेक मास्तरांस कायमचे बेलग्रेडास नेणार, जेथे दिव्यांच्या झगमगाटात आकाश म्हणोन काही उरले नाही. सबब जे करणे ते आजच.

परंतु कुंपणापलीकडे स्तामेनाबाई, मोठ्या करारी, आयवार चटणीसाठी मिरच्या भाजावयास बसल्या होत्या, आणि धूर ऐसा उठला, की हंस काय, मास्तरांस स्वतःचे धुराडे दिसेना. मास्तरांनी वकिली केली, की घटकाभर चूल विझवावी. बाईंनी जाब दिला, की तारा शतकानुशतके मरतोच आहे, तो आणखी थांबेल. मिरच्या थांबणार नाहीत. मग तह ठरला. मास्तरांनी भाजल्या मिरच्या सर्व सोलून द्याव्या, म्हणजे काम उरकोन चूल अंधाराआधी विझेल.

मग मास्तर स्टुलावर मोर्चा धरोन बसले आणि टोपल्यांमागोन टोपल्या सर करीत चालले, आणि बोटे काळी जाहली आणि कंबर धरली. शेवटच्या टोपलीस बाईंनी हुकूम सोडिला.

“मास्तर, बाकी गोड्या होत्या, ही तिखटाची. हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.”

अंधार पडला, धूर पांगला, हंस माथ्यावर आला. मास्तर धावत दुर्बिणीपाशी गेले, निशाण साधले, आणि नीट दिसावे म्हणोन डोळा चोळला. उजवा डोळा जागीच कामी आला. तो पुसावयास गेले, तो डावाही कामी आला. मास्तर ओट्यावर बसले आणि म्हणाले, “संपलं. उद्या गाडी.”

बाई दुधाचे भांडे घेऊन धावल्या आणि भिजली पट्टी त्यांच्या डोळ्यांवर बांधली. मास्तरांनी विनविले, की निदान तुम्ही तरी पाहा. बाईंनी डोईचा रुमाल मागे सारोन नळीस डोळा लाविला.

“काय दिसतं?” मास्तरांनी विचारले.

“हिरवट आहे. इवलंसं. भाजल्या मिरचीची साल सुटून फुगते ना, तस्सं. आत गर असेल.”

“आहे. तोच तारा.”

“मग मेला कुठे? साल सुटलीय नुसती.”

मास्तर म्हणाले, की पुन्हा सांगा.

“गप्प बसा हो मास्तर. बघू द्या मला.”

येणेप्रमाणे तेजोमेघ काबीज जाहला. दुर्बीण ओट्यातून हलेना, सबब ती बाईंच्या हवाली केली. आणि तहात अखेरचे कलम ऐसे घातले, की आकाश निरभ्र असेल त्या सांजेस बाईंनी बेलग्रेडास फोन करोन काय दिसले ते मास्तरांस सांगावे. आणि त्या दिवशी चूल लवकर विझवावी. बाईंनी मान्य केले.