शक्यतेत बोलणारे भाटे सर

भाटे सरांना "जेवलात का?" असं विचारलं, की ते क्षणभर विचार करून "नव्वद टक्के" म्हणत. उरलेले दहा टक्के म्हणजे ताकभात. तो ते फिरून आल्यावर खात. होय आणि नाही या दोन शब्दांवाचून माणूस जगू शकतो, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

आभाळ अर्धवट भरलेलं असलं, की त्यांची छत्री घरून निघायची आणि अर्ध्या वाटेवर शिंप्याच्या दुकानात राहायची. का, तर पावसाची शक्यता निम्मी आहे, तेव्हा छत्रीही निम्म्या वाटेपर्यंतच. भिजले तरी तक्रार नसे. "निर्णय बरोबर होता, निकाल वाईट लागला," असं म्हणत ते पंचाने डोकं पुसत. मी जन्मभर निकालावर पोट भरत आलोय. मला या वाक्याचा फार राग येई.

आमच्या खाडीकाठच्या गावात कॉमर्स कॉलेज निघालं, तेव्हा नवे पैसे सुरू होऊन काही वर्षं झाली होती, पण बाजार अजून आण्यातच बोलत होता. सर पुण्याहून आले. एकटेच. माझ्या मिठाच्या वखारीमागचं दोन खोल्यांचं घर त्यांनी घेतलं. त्यांचा विषय 'व्यवसायातील निर्णयांसाठी संख्यापद्धती'. म्हणजे काय, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं. म्हणाले, धंद्यात माणूस अंदाजाने जे करतो ते कागदावर कसं करायचं, ते शिकवतो. मी सांगितलं, की मी मिठागरात डोक्यावर पाट्या वाहिल्या, मग एक होडी केली, मग वखार बांधली, सगळं अंदाजाने.

"तुमचा अंदाज बरोबर आला," सर म्हणाले. "ज्यांचा चुकला ते मला भेटायला येत नाहीत."

मला निरुत्तर करणारी माणसं मी विसरत नाही.

सर शुद्ध शाकाहारी, पण रोज सकाळी मासळीबाजारात हजर. कोळणींच्या मागे उभं राहून त्या पहिला भाव काय सांगतात आणि कितीवर येतात, ते बघायचं. एकदा हिराबाईने त्यांना गाठलंच.

"मास्तर, खायाचा न्हाय त भाव कशाला इचारता?"

सर म्हणाले, मला मासा नको, तुझी शेवटची किंमत हवी आहे.

"ती मी नवऱ्याला पन सांगत न्हाय," हिराबाई म्हणाली आणि सगळा बाजार हसला. सरांनी मात्र गंभीरपणे मान डोलावली आणि वर्गात जाऊन मुलांना सांगितलं, की आज मी सौद्यातला सगळ्यात मोठा सिद्धांत ऐकून आलो.

आता माझी तक्रार. मिठाच्या धंद्यात मे महिना वाईट. ढीग उघडे असतात, वरून आभाळ दाटतं. झावळ्या घालून झाकावं तर मजुरी जाते, न झाकावं आणि पावसाची सर आली तर मीठ जातं. यावर माझं आणि मुनिमांचं दरसाल भांडण होतं. त्या वर्षी ते जरा मोठं झालं. मुनीमजींची टोपी विहिरीत गेली, एवढंच सांगतो. भाटे सर मागच्या ओट्यावरून सगळं ऐकत होते.

सहामाही परीक्षेत प्रश्न आला: 'एक तापट मिठाचा व्यापारी ढीग झाकावेत की नाही यावरून मुनिमाशी भांडत आहे. पावसाची शक्यता व मजुरीचा दर खाली दिला आहे. व्यापाऱ्याचे अपेक्षित नुकसान काढा.'

गावात मिठाचे व्यापारी तीन, पण तापट म्हटल्यावर कोणी दुसऱ्याच्या दाराकडे बघितलंही नाही. पोरं वखारीवरून जाताना "शेठ, अपेक्षित नुकसान किती?" असं विचारू लागली. पेणच्या एका दलालाने तर सौद्याच्या मध्येच विचारलं. मी सरांच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, सर, मीठ आलं, पाऊस आला, मजुरी आली. या गणितात तापट कशाला?

"तो शब्द काढला तर उत्तर बदलतं," सर शांतपणे म्हणाले. "शांत माणूस वेळेवर झाकतो."

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ते मात्र "आज तुम्ही बोलण्याची शक्यता किती?" असं रोज विचारत राहिले.

कॉलेजच्या छपराची कौलं मी दिलेली, म्हणून मी संस्थेच्या मंडळावर होतो. पुढच्या वर्षी मंडळापुढे विषय आला, की सरांचा वर्ग बंद करायचा. विषय ऐच्छिक, मुलं मोजकी, बाकीची सगळी बँकिंगकडे पळालेली. वर्ग बंद म्हणजे सरांची नोकरी बंद, कारण दुसरं काही ते शिकवत नव्हते. निम्मं मंडळ या बाजूला, निम्मं त्या बाजूला. माझं मत ज्या बाजूला पडेल तसं होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर फारच.

प्राचार्यांनी सरांना विचारलं, तुमचं म्हणणं काय? सर म्हणाले, "मी तटस्थ आहे. पुण्याला भावाने माझ्यासाठी खोली ठेवलेली आहे. आकडे सांगतील तसं करा."

बैठकीच्या आदल्या आठवड्यात ते वखारीत आले. मला वाटलं, आता मतासाठी हातापाया पडतील. त्यांनी मताचं नावही काढलं नाही. मुलांना खऱ्या व्यापाऱ्याकडून सौदा दाखवायचा आहे, येता का, एवढंच विचारलं. मी अबोला मोडून म्हटलं, येतो, पण उदाहरणातला तापट काढा.

"तसं केलं तर उदाहरण खोटं होईल."

माझ्या हातातला चहा जमिनीवर गेला. तरी मी जायचं कबूल केलं. मनात ठरवलं, की पोरांसमोर या माणसाची कागदी विद्या उघडी पाडायची आणि मग बैठकीत वर्ग बंद करायच्या बाजूने हात वर करायचा.

वर्गात गेलो तर सर फळ्याशी उभे. मुलांना सांगत होते, की सौद्याला बसण्याआधी आपली शेवटची मर्यादा मनाशी पक्की करा आणि ती चेहऱ्यावर दिसू देऊ नका. मी म्हटलं, चेहऱ्याचं सोडा, आमच्याकडे तोंडसुद्धा उघडत नाहीत. आणि मी त्यांना हत्ता समजावून सांगितला. दोन व्यापारी समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आतलं कोणाला कळत नाही. मान्य असेल तर बोट दाबायचं. बोलायचं काहीच नाही.

मुलं खूश झाली. सरांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली. म्हणाले, मी गिऱ्हाईक, तुम्ही शेठ, मिठाचा सौदा करू. मी खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. मिठाचा चालू भाव मुलांना आधीच फळ्यावर लिहून दिला होता, दोन आकडी. सर खालून सुरुवात करणार, मी वर ओढणार आणि भर वर्गात त्यांना असं रगडणार, की त्यांनी पुन्हा कोणाला तापट म्हणू नये.

उपरण्याखाली त्यांनी माझं एकच बोट धरलं.

मी मान हलवली. एक म्हणजे काय, चेष्टा आहे का? त्यांनी बोट सोडलं आणि पुन्हा तेच एक धरलं. मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा कोरा, त्यावर काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. हात मात्र गार पडला होता.

मुलांमध्ये कुजबूज सुरू झाली होती. त्या आवाजात सर माझ्याकडे किंचित झुकले.

"मिठाचं नाही, शेठ," ते इतकं हळू म्हणाले, की मलाच जेमतेम ऐकू आलं. "वर्गाला अजून एक वर्ष."

मला एकदम ते दिवाळीच्या सुट्टीतले दिसले. मुलं आपापल्या गावी गेली, की त्यांच्या ओट्यावर कोणी नसे. एरवी संध्याकाळी तिथे उदाहरणं सोडवणाऱ्या पोरांची गर्दी असायची आणि सर सगळ्यांना पोहे करून घालायचे. सुट्टीत ते वखारीत येऊन मिठाचा भाव विचारायचे. सकाळी विचारायचे, संध्याकाळी पुन्हा. भाव बदललेला नसायचा, आणि ते त्यांना माहीत असायचं. पुण्याच्या खोलीबद्दल ते बोलत, पण त्या भावाचं नाव काय, तो करतो काय, हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं मला आठवत नाही.

भर वर्गात, ज्या मुलांना मर्यादा लपवायला शिकवलं त्यांच्याचसमोर, या माणसाने आपली शेवटची किंमत माझ्या हातात ठेवली होती. एवढी वाईट सुरुवात मी कुठल्याही बाजारात बघितलेली नाही.

मागितल्यापेक्षा जास्त देणं माझ्या स्वभावात नाही. दिलेला सौदा मोडणंही नाही, हे सगळ्या खाडीला माहीत आहे. तरी मी त्यांची तीन बोटं धरली.

सरांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी माझं बोट दाबलं, पक्कं.

सौदा पटला, की हात लगेच बाहेर काढायची रीत आहे. त्यांनी काढला नाही. मुलं बाकावरून उठून, भाव किती ठरला, कोण जिंकलं, असं विचारत भोवती जमली. मी म्हटलं, हत्त्यातला भाव बाहेर सांगत नाहीत, जागेवर बसा. आवाज चढवला, तशी बसली. आणि उपरण्याखालचा हात मीही थोडा वेळ तसाच राहू दिला.