तोकुजीचा कार्बोरेटर

मिसाओनं धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं चिरलं, मधले जाडजूड काप डब्यात भरले आणि दोन्ही टोकं नवऱ्याच्या ताटलीत ठेवली. त्याच क्षणी तोकुजीनं ठरवलं, आज कार्बोरेटर उघडायचाच.

डबा कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. शेजारच्या ओनोदेरा-सानांचं बर्फ उडवायचं यंत्र पहाटेच धडधडायला लागे. जपानच्या या योकोतेत एकदा बर्फाने मुक्काम ठोकला की दाराबाहेर पाय टाकायला जागा राहत नाही. ओनोदेरा आधी आपलं दार मोकळं करत आणि मग, आलोच आहोत तर, म्हणून तोकुजीचंही. तोकुजी बूट चढवून बाहेर येई तोवर अंगण असं लख्ख झालेलं असे, की फावडं धरून उभं राहायचीही लाज वाटावी. (तरी तो उभा राही. दोन-चार वेळा फावडं आपटतही असे, बायकोला ऐकू जावं म्हणून.) आणि कुणाचं घेतलं की परत द्यायलाच हवं, म्हणून मिसाओचा डबा रोज शेजारी जाई.

तसं तोकुजीकडेही यंत्र होतं. गेल्या मार्चमध्ये त्यानं ते टाकीतल्या पेट्रोलसकट झाकून ठेवलं. आता ते दोन उचक्या देई आणि गप्प होई.

"ओनोदेरा-सान हिवाळा संपला की टाकी रिकामी करून ठेवतात," मिसाओ म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"त्यांनीच सांगितलं."

म्हणजे बोलणी टाकीपर्यंत पोचली होती. तोकुजीला टोकं गोड लागेनात.

आत स्टोव्ह पेटलेला, म्हणून तो दाराजवळच्या थंडगार पडवीत वर्तमानपत्र पसरून बसला. यंत्राच्या कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाशी काकवीसारखा चिकट गाळ. मधल्या पितळी जेटचं, म्हणजे पेट्रोल जायच्या इवल्याशा तोटीचं, भोक केसाएवढं, आणि तेच बुजलेलं. सुई जाईना. त्यानं तोंडाला लावून फुंकर मारली, आणि श्वास घेताना चुकून पेट्रोलच आत ओढलं. पुढे दोन दिवस त्याला भातही पेट्रोलचाच लागत होता.

"ओनोदेरा-सानांकडे बारीक तार असेल. मागू का?"

"नको."

शेवटी तारेच्या ब्रशातली एक तार उपटून त्यानं भोक मोकळं केलं, जेट पेट्रोलभरल्या कपात टाकला आणि हात धुवायला आत गेला. परत आला तर कप रिकामा.

"या कपातलं कुठे गेलं?"

"तो चहा नव्हता?" मिसाओ म्हणाली. "वास कसला येत होता. बाहेर बर्फाच्या ढिगाऱ्यावर ओतला."

तोकुजी नुसत्या मोज्यांनिशी बाहेर धावला. समोरून ओनोदेरा आपलं यंत्र रेटत नेमके त्याच ढिगाऱ्याकडे येत होते. यंत्राचं तोंड फिरलं असतं तर जेट नदीपलीकडे जाऊन पडला असता. तोकुजीनं हात पसरून ढिगाऱ्यावर अंग टाकलं.

"एवढा राहू द्या."

"का हो?"

"हा आम्हाला आवडतो."

ओनोदेरांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं, तोकुजीकडे पाहिलं, अदबीनं मान लववली आणि यंत्र वळवलं. तोकुजीनं तो आवडता ढिगारा बादलीबादलीनं पडवीत आणला, गरम पाणी घालून वितळवला आणि मिसाओच्या गाळणीतून गाळला. दुपार कलताना गाळणीत पितळेचा एक कण चमकला. (त्या गाळणीबद्दल मिसाओ काय म्हणाली, ते सांगण्यासारखं नाही.)

सगळं जुळवून, टाकीत ताजं पेट्रोल भरून त्यानं दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला यंत्र गरजलं. त्यानं आपलं अंगण मोकळं केलं, आणि मग सूड उगवावा तसं ओनोदेरांचंही, अगदी पायरीपर्यंत.

ओनोदेरा बाहेर आले. त्यांनी कंबरेतून वाकून नमस्कार केला. "आज माझं काम तुम्ही केलंत, तोकुजी-सान." मग यंत्राला कान लावून म्हणाले, "श्वास मोकळा झालाय. पण लगेच बंद करू नका. अंधार पडेपर्यंत चालू द्या, उरलासुरला गाळही निघून जाईल."

दारातून मिसाओ म्हणाली, "मग ओनोदेरा-सान, आज तुम्हाला काहीच काम नाही. आत या ना, किती दिवस म्हणतेय."

"घरी आता कुणी वाट बघणारंही नाही," असं म्हणत त्यांनी बूट काढले.

तोकुजी लख्ख अंगणात यंत्र घेऊन गोल फिरत राहिला. खिडकीतून आतलं रजई पांघरलेलं, खालून ऊब देणारं बसकं मेज दिसत होतं, त्यावर दोन कप, आणि ताटलीत मुळ्याचे मधले काप. ओनोदेरा हातवारे करून काहीतरी सांगत होते. मिसाओ तोंडावर हात धरून हसत होती. लग्नानंतर ती इतकी कधी हसली होती, ते तोकुजीला आठवेना.

एवढ्यात खिडकी बोटभर सरकली. तोकुजीनं घाईनं छाती पुढे काढली.

"अहो," मिसाओ म्हणाली, "ते जरा पलीकडच्या गल्लीत फिरवता का? ओनोदेरा-सानांचं बोलणं ऐकूच येत नाहीये."